कोष्टकातील तळटिपा : कोठे व कशा द्याव्यात



शाळेचा वार्षिक अहवाल, शतकमहोत्सवी स्मरणिका, केंद्राची पुस्तिका अशा निमित्ताने आपणांपैकी अनेकांवर पुस्तक सिद्ध करण्याची जबाबदारी येते. अशा पुस्तकात एखादे तरी कोष्टक असतेच. त्यातील आकडे आपण दोनदा तपासतो. परंतु खालची टीप कोठे पडली, इकडे सहसा कोणी पाहत नाही. आकड्याचा खरा अर्थ मात्र पुष्कळदा त्या टिपेतच असतो.

माझाच एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेची स्मरणिका हाती आली. तीत पटसंख्येचे कोष्टक होते व एका वर्षी पट एकाएकी निम्म्यावर आलेला दिसत होता. त्या वर्षी तेथे असलेल्या गुरुजींना मी चार लोकांत कारण विचारले, आणि विचारताना माझा स्वर बरा नव्हता. गुरुजींनी काही न बोलता पान उलटले. पुढील पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापले होते की, त्या वर्षी वाडीवर नवी शाळा उघडली व तेथील मुले तिकडे गेली. मी गुरुजींची क्षमा मागितली. परंतु ज्या वाचकांनी पान उलटले नसेल, त्यांच्या मनात गुरुजींविषयी काय राहिले असेल?

आता एक मोठे उदाहरण घेऊ. आपणांपैकी कित्येकांनी जनगणनेत प्रगणक म्हणून काम केले आहे. त्याच जनगणनेतील पुढील कोष्टक पाहावे.

भारतातील साक्षरतेचे प्रमाण (शेकडा)

१९७१ — ३४.४५
१९८१ — ४३.५७*
१९९१ — ५२.२१†

टीप : १९७१ चे प्रमाण वय वर्षे ५ व त्यावरील लोकसंख्येचे, तर पुढील दोन्ही वर्षांचे प्रमाण वय वर्षे ७ व त्यावरील लोकसंख्येचे आहे.
* आसाम वगळून. तेथे १९८१ साली जनगणना झाली नाही.
† जम्मू-काश्मीर वगळून; तेथे १९९१ साली जनगणना झाली नाही.

टिपा झाकून वाचल्यास १९७१ ते १९८१ या दहा वर्षांत साक्षरता शेकडा ९ हून अधिक वाढली, असे आपण वर्गात सांगू. टीप वाचली की ध्यानात येते, त्या वाढीचा काही भाग मोजण्याच्या रीतीचा आहे. पाच-सहा वर्षांच्या बहुतेक मुलांस अद्याप लिहितावाचता येत नसते. ती हिशेबातून वगळताच प्रमाण आपोआप वर चढते. आकडे खरेच आहेत. पण टिपेवाचून ते आपली दिशाभूल करतात.

यास्तव पुस्तकाची मांडणी करताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. कोष्टकाची टीप कोष्टकाच्या लगेच खाली द्यावी, पानाच्या तळाशी नव्हे. तळाची जागा मजकुराच्या टिपांची होय. दोन्ही एकत्र केल्यास कोणती टीप कशाची, हे कळेनासे होते.

२. मजकुराच्या टिपांना १, २, ३ असे क्रमांक असतात. कोष्टकात आकड्यांच्या खुणा शक्यतो टाळाव्यात. ३५ च्या डोक्यावर बारीक २ घातल्यास वाचक तो ३५ चा वर्ग समजेल; तोच २ चुकून मोठा छापला गेल्यास पट ३५२ होईल! त्याऐवजी *, †, ‡ या खुणा किंवा अ, ब, क ही अक्षरे वापरावीत. प्रत्येक कोष्टकात खुणांचा आरंभ नव्याने करावा.

३. खुणा आपण वाचतो त्या क्रमाने, म्हणजे आडव्या ओळीने डावीकडून उजवीकडे व मग खालच्या ओळीत, अशा द्याव्यात. एकच टीप अनेक आकड्यांना लागू असल्यास तीच खूण पुन्हा वापरावी.

४. सबंध कोष्टकास लागू होणारी टीप खुणेवाचून प्रथम द्यावी. त्यानंतर खुणांच्या टिपा. शेवटी माहितीचा आधार.

५. खण रिकामा सोडू नये. शून्य असल्यास ० लिहावे. माहिती मिळाली नसल्यास आडवी रेघ काढून खूण करावी व तसे टिपेत सांगावे. ‘विद्यार्थी नाहीत’ आणि ‘नोंद सापडली नाही’ या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

६. कोष्टक दोन पानांवर गेल्यास रकान्यांची शीर्षके दुसऱ्या पानावर पुन्हा द्यावीत, आणि ज्या पानावर खूण, त्याच पानावर तिची टीप द्यावी.

आता बहुतेक ठिकाणी मजकूर संगणकावर जुळविला जातो. तेथील तळटिपेची आयती सोय सामान्यतः टीप पानाच्या तळाशी नेऊन ठेवते व तिला मजकुराच्या क्रमातला आकडा देते. म्हणून कोष्टकापुरती ती सोय वापरू नये. कोष्टकाच्या शेवटी एक ओळ वाढवून तिचे सर्व खण एकत्र करावेत व टिपा तेथे हाताने लिहाव्यात. मग कोष्टक हलले तरी टिपा बरोबर जातात. छपाईपूर्वीच्या प्रतीत प्रत्येक खुणेवर बोट ठेवून तिची टीप खाली आहे ना, आणि प्रत्येक टिपेची खूण वर आहे ना, असे दोन्ही बाजूंनी पाहावे.

वरील कोष्टक सातवीच्या वर्गात फळ्यावर अवश्य लिहावे. प्रथम टिपा झाकून मुलांस अनुमान काढू द्यावे. मग टिपा उघडून तेच अनुमान पुन्हा तपासावयास सांगावे. आकड्याखाली नजर टाकल्यावाचून मत बनवू नये, ही सवय मुलांस लागेल. आणि मला ती उशिरा लागली, हे सांगण्यास मला संकोच वाटत नाही.