सकाळच्या ओपीडीत न दिसणारा आजार

सकाळी मी बरी असते आणि ओपीडी सकाळी असते. माझी सगळी फरफट एवढ्या एका गोष्टीने झाली.

शाळेत पहिल्या तासाला माझा आवाज खणखणीत असायचा. शेवटच्या तासापर्यंत तो नाकातून यायला लागायचा आणि मुलं एकमेकांकडे बघायची. संध्याकाळी भोपाळमधल्या बाग सेवनियाच्या बाजारात भाजी घेताना डावी पापणी खाली उतरायची, समोरचे ढीग दोन-दोन दिसायचे. रात्री पोळी चावता चावता जबडा दमायचा, मग भातात वरण जास्त ओतून कसंबसं जेवण उरकायचं. वेणी घालायला हात वर धरवत नसत. झोपून उठलं की सगळं जागेवर. थंडीत तर बरेच दिवस काहीच नव्हतं, आणि मे महिन्याच्या उन्हात सगळं दुपटीने परत आलं.

ज्या डॉक्टरांकडे आम्ही विश्वासाने गेलो, त्यांचं नाव मी लिहिणार नाही. एमआरआय झाला, नर्व्ह कंडक्शन झाली, बी-ट्वेल्व्ह, थायरॉइड, साखर, सगळं पाहून झालं. सगळं नॉर्मल. त्यांनी फाइल मिटली आणि माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाले, “भाईसाहब, मैडम टेंशन बहुत लेती हैं। घर में सब ठीक है न?” मी समोरच्याच खुर्चीत बसले होते. घरात काय ठीक आहे नि काय नाही, ते मला विचारता आलं असतं. पापणीचं पुन्हा सांगितलं, तर म्हणाले, “अभी तो ठीक दिख रही है।” सकाळचे अकरा वाजले होते. रात्रभर झोपून आलेल्या बाईची पापणी अकरा वाजता ठीकच दिसणार!

छातीत धडधडतं असं मी कधी म्हटलंच नव्हतं, तरी ‘घबराहट’साठी प्रोप्रॅनोलॉल लिहून दिलं. थोड्याच दिवसांत पाणी पिताना ठसका लागू लागला. फोन केला तर निरोप आला, गोळी चालू ठेवा, मनावर घेऊ नका. हे औषध माझ्या आजारात स्नायूंचा अशक्तपणा वाढवू शकतं, हे मला फार उशिरा कळलं. तो राग अजून गेलेला नाही.

शेवटी नणंदेने संध्याकाळी माझा व्हिडिओ काढला. तो घेऊन आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तो दोनदा पाहिला. मग मला म्हणाल्या, “छताकडे बघा, आणि बघतच राहा.” मिनिटभराने पापणी खाली सरकू लागली, त्यांच्यासमोर, सकाळच्या वेळी. हातमोज्यात बर्फ भरून त्यांनी तो दोन मिनिटं मिटलेल्या डोळ्यावर धरायला लावला. बर्फ काढला तेव्हा पापणी वर होती. हे माझ्याकडे बघत राहिले, काही बोलले नाहीत. मला मात्र रडू आवरलं नाही.

मायस्थेनिया ग्रेव्हिस. नसेकडून स्नायूला जो निरोप जातो तो असिटिलकोलीन या रसायनातून, आणि तो घेणाऱ्या जागाच शरीरातल्या अँटिबॉडी निकामी करतात. म्हणून वापराने ताकद सरते आणि विश्रांतीने परत येते. एमआरआयमध्ये हे दिसत नाही. साध्या नर्व्ह कंडक्शनमध्येही बहुधा दिसत नाही. त्यासाठी नसेला पुन्हापुन्हा झटके देऊन करायची आरएनएस लागते, किंवा सिंगल फायबर ईएमजी. आजार दुर्मीळ, कसा सुचणार, असं मला नंतर काहींनी ऐकवलं. लंडनमध्ये मेरी वॉकर यांनी 1934 साली यावर औषध देऊन दाखवलं होतं. अमिताभ बच्चन यांना हाच आजार झाल्याचं देशभर छापून आलं होतं. ती सबब मला मान्य नाही.

ज्यांच्या आजाराचा शोध अजून चालू आहे, त्यांनी त्रास होत असतानाच व्हिडिओ काढावा, त्यात वेळ बोलून सांगावी. शक्य असेल तर दुपारनंतरची वेळ मागावी, किंवा जिने चढून, मोठ्याने वाचून, दमून आत जावं. रिपोर्ट नॉर्मल आला तर एवढंच विचारावं, “या तपासणीत काय दिसू शकत नाही?” अँटिबॉडी निगेटिव्ह म्हणून फाइल बंद होऊ देऊ नये, आजार डोळ्यांपुरता असेल तर जवळजवळ निम्म्या रुग्णांत ती निगेटिव्हच येते. निदान झालं की थायमस ग्रंथीसाठी छातीचा सीटी स्कॅन करून घ्यावा. मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर तो रस्ता वेगळा आहे, तिथे बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं सुरू होण्याआधी रक्त तपासून घ्यावं, नंतरचा आकडा फसवतो.

जेन्टामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन, मॅग्नेशियमचं सलाइन, प्रोप्रॅनोलॉलप्रमाणेच अशक्तपणा वाढवू शकणाऱ्या औषधांची ही नावं मी कागदावर लिहून पर्समध्ये ठेवली आहेत. दाताच्या डॉक्टरांनाही तो कागद दाखवते. चालू गोळी मनाने बंद करू नये, फोन करून विचारावं. पण श्वास अपुरा पडला किंवा थुंकी गिळता येईना, तर सकाळची वाट बघू नये. एम्स आमच्या घरापासून जवळ आहे, रात्री कुठे जायचं ते घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

आणि सोबत जाणाऱ्या नवऱ्यांना, मुलांना, भावांना एक विनंती. डॉक्टर तुमच्याकडे वळून तिच्याबद्दल बोलू लागले, तर त्यांना तिथेच थांबवा आणि म्हणा, “तिलाच विचारा.”