आरोग्य : एकट्याचे नव्हे, सर्वांचे काम



माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिकडे गुबगुबीत मुलाला कौतुकाने 'खाते-पीते घर का' म्हणतात. आपल्या घरांतही 'बाळसेदार' हा शब्द कौतुकाचाच आहे. पण मागे सातवीतला एक विद्यार्थी खेळाच्या तासाला लागोपाठ तीन आठवडे पोटदुखीची चिठ्ठी घेऊन आला. जवळ बसवून विचारले, तेव्हा म्हणाला, "सर, पोट दुखत नाही. मी धावलो की मुले हसतात." त्या दिवशी मला समजले की वजनाचा प्रश्न एकट्या मुलावर टाकून आपण मोकळे होतो. म्हणून आजचा हा पाठ.

लठ्ठपणा म्हणजे शरीरात गरजेपेक्षा जास्त चरबी साठणे. खाण्यातून मिळणारी ऊर्जा जास्त आणि हालचाल कमी, असे दीर्घकाळ चालले की वजन वाढते. त्यात आनुवंशिकता, अपुरी झोप आणि काही आजारही भर घालतात. म्हणून केवळ 'आळशी' म्हणून कोणाला हिणवणे हे अन्यायाचे आहे आणि अशास्त्रीयही. पुढे मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांचा धोका वाढतो.

मोठ्या माणसांसाठी एक सोपे गणित आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. वजन ७२ किलो व उंची १.६ मीटर असेल, तर ७२ ÷ २.५६ = सुमारे २८. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन व २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. मुलांना मात्र हे आकडे लावू नयेत. त्यांच्यासाठी वय व लिंग यांनुसार वेगळे तक्ते असतात. ते डॉक्टरांनीच पाहावेत.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तेलंगणातील सुमारे ३० टक्के स्त्रिया व ३२ टक्के पुरुष जास्त वजनाचे आढळले. म्हणजे प्रश्न मुलांच्या आधी आपल्या मोठ्यांच्या ताटात आहे.

यावर उपाय एकट्याने होत नाही. फ्रान्समधील फ्लरबे व लाव्हांती या दोन छोट्या गावांत १९९२ साली शाळांतून आहारशिक्षण सुरू झाले. पुढे नगरपालिका, डॉक्टर, दुकानदार, खेळाच्या संस्था असे सगळे गाव त्यात आले. २००४ मध्ये तेथील जास्त वजनाच्या मुलांचे प्रमाण ८.८ टक्के होते. शेजारच्या तशाच गावांत ते १७.८ टक्के होते. फळ मिळायला बारा वर्षे लागली, हेही लक्षात ठेवावे.

आपल्याला ही कल्पना परकी नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून चालू आहे. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. मराठी माणूस जिथे गेला तिथे देऊळ, वाचनालय आणि तालीम उभी राहिली, ती वर्गणीतून आणि श्रमातूनच. शिवाय राष्ट्रीय पोषण संस्था १९५८ पासून आपल्याच हैदराबादेत आहे. तार्नाका गौलीगुड्यापासून लांब नाही.

मग आपण काय करावे?

पालकांनी डब्यात ज्वारीची भाकरी, थालीपीठ, मोडाची उसळ, शेंगदाणे, एखादे फळ द्यावे. डबा करायला वेळ नाही म्हणून हातावर पैसे ठेवणे, हे आठवड्यात एक दिवस तरी कमी करावे.

विश्वस्त मंडळींना विनंती, की शाळेचे मैदान संध्याकाळी मुलांसाठी उघडे ठेवण्याचा विचार व्हावा. आपल्या दाट वस्तीत खेळायला जागा कुठे आहे? मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे चांगली हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

फाटकाबाहेरचे विक्रेतेही आपलेच आहेत. २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ व साखरेचे पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. त्यांना हाकलण्यापेक्षा पेरू, काकडी, उकडलेले शेंगदाणे ठेवायला सांगू, आणि मुख्य म्हणजे ते विकत घेऊ. नाहीतर त्यांचे पोट कसे भरणार?

शिक्षकांकडून, माझ्यासह, एवढेच : वर्गात कोणाचेही वजन मोठ्याने वाचले जाणार नाही.

गृहपाठ : शीतपेयाच्या लेबलवर १०० मिलीलिटरमध्ये ११ ग्रॅम साखर लिहिली असेल, तर २५० मिलीलिटरच्या बाटलीत किती? पाच ग्रॅमचा एक चमचा धरून चमचे मोजा आणि तेवढी साखर वाटीत काढून आई-बाबांना दाखवा.

तो विद्यार्थी आता लेझीमच्या पथकात आहे. वजन किती उतरले, ते मी विचारलेले नाही. चिठ्ठी मात्र पुन्हा आली नाही.

आपला,
मुख्याध्यापक