उंची हवी, तर नाक खाली!



अशी कल्पना करा, की तुम्ही एका लहानशा विमानात डाव्या आसनावर बसला आहात. विमान दोनच माणसांचे. उजव्या आसनावर तुमचे शिक्षक आहेत. जमीन तीन हजार फूट खाली आहे. शिक्षक इंजिनाचा जोर कमी करतात आणि म्हणतात, "आता उंची मुळीच कमी होऊ देऊ नका."

इंजिन मंदावताच विमान खाली जाऊ पाहते. म्हणून तुम्ही समोरचे हँडल थोडे आपल्याकडे ओढता. विमानाचे नाक वर होते, उंची टिकते. पण वेग कमी होतो. तुम्ही आणखी थोडे ओढता. मग आणखी थोडे. एवढ्यात वरच्या कोपऱ्यातून एक सूर ऐकू येऊ लागतो. बाजाच्या पेटीची एकच पट्टी कोणी दाबून धरावी तसा. हँडल हाताला सैल लागते. विमान थरथरते आणि एकदम त्याचे नाक खाली कोसळते. जेथे आकाश दिसत होते, तेथे आता शेते दिसू लागतात!

आता सांगा पाहू, तुम्ही काय कराल?

नवशिक्याचा हात हँडल आणखी जोराने ओढायला धावतो. विमान पडते आहे, मग त्याला वर उचलायला नको का? पण नेमके येथेच चुकते. या वेळी हँडल पुढे ढकलायचे असते. नाक खाली गेलेले असतानाही ढकलायचे! हा उलटा नियम का, ते आज आपण पाहू या.

पंख भार कसा पेलतो?

आपले हे विमान म्हणजे सेसना १५२ आहे असे समजा. १९७७ ते १९८५ या काळात बनलेले हे विमान उड्डाण शिकवण्यासाठी जगभर वापरले गेले आणि आजही अनेक ठिकाणी वापरात आहे. त्याचे इंजिन ११० अश्वशक्तीचे. माणसे आणि इंधन धरून त्याचे वजन जास्तीत जास्त ७५७ किलोग्रॅम असू शकते. पंखांचे क्षेत्रफळ सुमारे १५ चौरस मीटर. भागाकार करून पहा: प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ५० किलोग्रॅम भार येतो. म्हणजे सतरंजीएवढ्या जागेवर एक-दोन सिमेंटची पोती, आणि ती उचलून धरायची कोणी, तर हवेने!

हवा हे काम कसे करते? पंख समोरून येणाऱ्या हवेशी थोडासा तिरपा धरलेला असतो. पंखाच्या वरच्या फुगीर पाठीला चिकटून वाहणारी हवा पाठीच्या वळणाबरोबर खाली वळते. पंखाखालची हवाही खाली लोटली जाते. पंखाने हवेला खाली लोटले, की हवा पंखाला वर लोटते. हा न्यूटनचा तिसरा नियम तुम्ही शिकला आहातच. याच वेळी पंखाच्या वरच्या बाजूचा दाब खालच्या बाजूपेक्षा कमी झालेला असतो. पंखाला वर उचलणाऱ्या या बलाला 'उत्थापन' म्हणतात.

उत्थापन वाढवायचे दोन मार्ग वैमानिकाच्या हाती असतात. एक, वेग वाढवणे. वेग दुप्पट केला तर उत्थापन चौपट होते. कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दुसरा मार्ग म्हणजे पंख हवेशी अधिक तिरपा करणे. हँडल ओढले, की शेपटी खाली दबते, नाक वर होते आणि पंखाचा कोन वाढतो. मघाशी वेग कमी होत असताना तुम्ही हेच करत होता. वेगाची तूट कोनाने भरून काढत होता.

कोनाला मर्यादा असते

पण ही भरपाई कोठवर चालणार? अशा पंखाचा कोन साधारण १५ ते १६ अंशांपलीकडे गेला, की पाठीवरून वाहणाऱ्या हवेला एवढे वळण घेता येत नाही. ती पंखाची पाठ सोडून देते आणि मागे नुसते भोवरे उठतात. उत्थापन घसरते, हवेचा रोध मात्र वाढतो. या अवस्थेला वैमानिक 'स्टॉल' म्हणतात. हा जत्रेतला स्टॉल नव्हे, आणि इंजिन बंद पडणेही नव्हे! इंजिन व्यवस्थित चालू असतानाही पंख स्टॉल होऊ शकतो. संप करतो तो पंख.

आता मघाच्या कोड्याचे उत्तर तुमच्या लक्षात आले असेल. पंख स्टॉल झाला तो कोन फार वाढल्यामुळे. हँडल ओढले तर कोन आणखी वाढणार. ढकलले तर कोन कमी होणार, हवा पुन्हा पंखाच्या पाठीला चिकटून वाहू लागणार आणि उत्थापन परत मिळणार. मग इंजिनाचा जोर वाढवून, हळुवारपणे नाक वर घ्यायचे. वेळीच असे केले तर लहान विमान शंभर-दोनशे फुटांत सावरते.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "पण नाक तर आधीच खाली गेले आहे. मग कोन मोठा कसा?" प्रश्न योग्य आहे. वारा नसताना पाऊस सरळ खाली पडतो, तरी सायकल जोरात चालवली की तो समोरून तोंडावर येतो, हे तुम्ही अनुभवले असेल. म्हणजे आपल्या गतीप्रमाणे पावसाची दिशा आपल्यापुरती बदलते. विमानाचेही तसेच. विमान खाली पडत असेल, तर त्याच्यापुरती हवा खालून वर येत असते. पंखाचा कोन मोजायचा तो या येणाऱ्या हवेशी, क्षितिजाशी नव्हे. म्हणून नाक क्षितिजावर असो की त्याच्या खाली, पंख स्टॉल असू शकतो.

तो सूर कसला?

सेसना १५२च्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक लहानसे छिद्र असते. तेथून नळी निघून वैमानिकाजवळ पेटीच्या पट्टीसारख्या एका पातळ पट्टीपर्यंत येते. पंखाचा कोन धोक्याच्या जवळ गेला, की त्या छिद्रापाशी दाब कमी होतो, नळीतून हवा ओढली जाते आणि पट्टी वाजू लागते. ना वीज, ना तारा! स्टॉल होण्यापूर्वी पाच ते दहा नॉट आधीच हा सूर सुरू होतो. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.) उड्डाणापूर्वी ही पट्टी तपासायची रीतही मजेदार आहे. छिद्रावर स्वच्छ रुमाल ठेवायचा आणि तोंडाने हवा ओढायची. सूर वाजला, की समजावे सारे ठीक आहे.

वळताना काय होते?

या विमानाचे पंख सरळ उड्डाणात, पूर्ण भार असताना, सुमारे ४८ नॉट वेगाला स्टॉल होतात. मग "४८च्या वर राहिलो की झाले", असे मानावे काय? नाही. ती समजूत जिवावर बेतू शकते.

पाण्याची बादली हातात धरून गरगर फिरवा. बादली जड झाल्यासारखी वाटते ना? वळणाऱ्या विमानातही असेच होते. वळण्यासाठी विमान एका बाजूला कलते. तेव्हा उत्थापनाचा काही भाग विमानाला वळवण्यात खर्च होतो. उंची न गमावता वळायचे तर एकूण उत्थापन वाढवावे लागते. जणू विमानाचे वजनच वाढते! आणि अधिक भार पेलायचा तर स्टॉलचा वेगही वाढतो. हा हिशेब पहा:

कल ० अंश : भार १ पट : स्टॉल ४८ नॉटला
कल ३० अंश : भार १.१५ पट : स्टॉल ५२ नॉटला
कल ४५ अंश : भार १.४१ पट : स्टॉल ५७ नॉटला
कल ६० अंश : भार २ पट : स्टॉल ६८ नॉटला

शेवटची ओळ तुम्हालाही पडताळता येईल. भार दुप्पट झाला, तर वेग दोनच्या वर्गमूळाइतका पट हवा. ४८ला १.४१ने गुणून पहा.

आता दुसरे दृश्य डोळ्यांसमोर आणा. तुम्ही एकटेच आहात. शिक्षक शेजारी नाहीत. धावपट्टीवर उतरण्यासाठी शेवटचे वळण घेत आहात. वेग ६५ नॉट, उंची अवघी पाचशे फूट. सरळ उड्डाणात ६५ आणि ४८ यांत चांगले १७ नॉटांचे अंतर आहे. पण मागून येणाऱ्या वाऱ्याने तुम्हांला पुढे लोटले आणि धावपट्टी बाजूला सरकू लागली. मन म्हणते, "आणखी कलव, आणखी ओढ, वळण आवर!" कल ६० अंश झाला, की स्टॉल ६८ नॉटला. तुमचा वेग ६५. म्हणजे वेगमापकावरचा आकडा जराही न बदलता, तुम्ही स्वतःच्या हाताने विमान स्टॉल केलेत.

त्यातच वळण लवकर उरकावे म्हणून पायाने सुकाणू दाबला, तर आतल्या बाजूचा पंख आणखी मंद होतो आणि आधी स्टॉल होतो. विमान त्या बाजूला कोलमडून भोवऱ्यासारखे गिरकी घेऊ लागते. त्यातून सावरायला पाचशे फूट पुरत नाहीत.

पाच तासांचा वैमानिक

हा धडा मानवाला फार महागात पडला आहे. जर्मनीतील अभियंता ओटो लिलिएन्थाल याने १८९१ पासून स्वतः बनवलेल्या ग्लायडरांनी टेकड्यांवरून सुमारे दोन हजार झेपा घेतल्या. ९ ऑगस्ट १८९६ रोजी त्याच्या ग्लायडरचे नाक अचानक वर झाले. शरीर पुढे झोकून त्याने ते खाली आणायचा प्रयत्न केला. पण ग्लायडर सुमारे १५ मीटरांवरून कोसळले. दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. पुढे विल्बर राइट याने हिशेब मांडला: इतक्या झेपा घेऊनही लिलिएन्थाल प्रत्यक्ष हवेत होता तो एकूण अवघे पाच तास! म्हणून राइट बंधूंनी आधी ग्लायडरवर भरपूर सराव केला, आणि नाक वर-खाली करणारी फळी विमानाच्या पुढे बसवली. लिलिएन्थालच्या अपघातासारखा अपघात टाळावा, हा त्यामागचा एक हेतू होता.

भारतात दिलेला पहिला वैमानिक-परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना मिळाला. त्याचा क्रमांक होता १. आज हौशी वैमानिकाचा परवाना अनेक देशांत वयाच्या १७व्या वर्षी आणि ४० ते ४५ तासांच्या उड्डाणानंतर मिळू शकतो. चाळीस तास म्हणजे किती? तुमच्या शाळेचा जेमतेम सव्वा आठवडा! एवढ्या वेळात डोक्याला नियम कळतो. पण हाताला तो कळायला सराव लागतो. म्हणूनच शिक्षक उंचावर नेऊन मुद्दाम विमान स्टॉल करायला लावतात, पुन्हापुन्हा. तेथे चूक झाली तर खाली हजारो फूट शिल्लक असतात.

आणि धावपट्टी सरकू लागली तर? शहाणा हौशी वैमानिक वळण आवळत बसत नाही. तो पंख सरळ करतो, इंजिनाला पूर्ण जोर देतो आणि वर निघून जातो. पुन्हा एक फेरी घ्यायची आणि नीट उतरायचे. त्यात कमीपणा नाही. जास्त लागतात ती पाच-सात मिनिटे आणि थोडेसे इंधन.

करून पहा

जाड कागदाचा वीतभर रुंद तुकडा मधोमध दुमडा. वरची बाजू थोडी फुगीर ठेवून दोन्ही मागच्या कडा चिकटवा. झाला पंख! त्याच्या पाठीवर लोकरीचे बोटाच्या पेराएवढे पाच-सहा धागे एका टोकाने चिकटवा. टेबलपंख्यापासून सुमारे एक मीटरवर पंखाची दुमडलेली बाजू वाऱ्याकडे करून तो आडवा धरा. (पंख्याच्या जाळीत बोटे घालू नका.) धागे पाठीला चिकटून मागे वाहतील. आता पुढची कड हळूहळू वर करा. एका कोनाला धागे अस्वस्थ होतील, सैरावैरा फडफडतील, काही तर उलटे पुढे वळतील. पंख्याची हवा गिरक्या घेत येते, म्हणून कोन नेमका मोजता येणार नाही. पण हवेने पाठ सोडली, हे डोळ्यांना दिसेल. आता पुढची कड पुन्हा खाली करा आणि धाग्यांकडे पहा.

जाता जाता एक गणित: ७० अंश कललेल्या विमानावर सुमारे २.९ पट भार येतो. मग आपले सेसना किती नॉटला स्टॉल होईल?