कर्त्याची पारख

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातील २६ ते २८ या तीन श्लोकांत सात्त्विक, राजस व तामस अशा त्रिविध कर्त्यांची लक्षणे सांगितली आहेत. हे श्लोक केवळ पारायणापुरते नाहीत. आपल्या सभासदांपैकी अनेकांना दुकानात, कारखान्यात वा कचेरीत माणसे नेमावी लागतात. उमेदवाराची मुलाखत घेताना त्यांचे मनन अवश्य करावे.

सात्त्विक कर्ता ‘मी केले’ असा डंका पिटीत नाही. त्याच्या ठायी उत्साह असतो, तशीच धृतीही असते. उत्साह पहिल्या भेटीतच दिसतो. धृती मात्र शोधावी लागते. म्हणून केवळ वाक्चातुर्यावर भाळू नये. कोणते काम कठीण गेले, ते कसे तडीस नेले, कोणाचे साहाय्य झाले, हे विचारावे. ज्याने खरोखर कष्ट उपसले आहेत तो तपशील सांगतो आणि सहकाऱ्यांचे ऋणही मानतो. राजस कर्त्याची दृष्टी फळावर खिळलेली असते. वेतन विचारणे हा दोष नव्हे. परंतु कामाविषयी एकही प्रश्न ज्याला सुचत नाही, त्याच्याविषयी सावध असावे. तामस कर्त्याचा आळस व दीर्घसूत्रीपणा प्रशस्तिपत्रकात लिहिलेला नसतो. थोडे प्रत्यक्ष काम देऊन पाहिले म्हणजे तो उघडा पडतो.

बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली औंध संस्थानातील ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली. त्यांनी माणसे निवडली ती पदव्या पाहून नव्हे. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपास आले. तुरुंगवास भोगून आलेल्यांवरही लक्ष्मणरावांनी विश्वासाने पहाऱ्याचे काम सोपविले.

आपल्याकडे नेमणुकीच्या वेळी नात्यागोत्याचा आग्रह होतो. भीड ही भिकेची बहीण, असे म्हणतात. येथे तर भीक दुसऱ्याच्या वाट्यास येते. आळशी आप्ताला घेतले, तर त्याचा भार मुकाट्याने राबणाऱ्यावर पडतो आणि एखाद्या गरजू, कष्टाळू मुलाच्या तोंडचा घास जातो. हे औदार्य नव्हे, अन्याय होय.

मात्र निष्ठावान सेवक हवा असेल, तर धन्यानेही वेतन वेळेवर द्यावे व दिलेला शब्द पाळावा. मुलाखतीत उमेदवार आपली परीक्षा देतो. धन्याची परीक्षा त्यानंतर प्रत्येक दिवशी होत असते.