जुनी बेअरिंग भंगारात टाकण्यापूर्वी

ऊसवाहतुकीच्या हंगामात आमच्या ट्रॅक्टरचं इंजिन दुसऱ्यांदा खोलावं लागलं. पहिल्या खेपेला गॅरेजवाल्याने नवी बेअरिंग टाकून इंजिन बांधून दिलं. जुनी भंगारात गेली, कुणी निरखून पाहिलीच नाहीत. हंगाम संपायच्या आत खालून पुन्हा ठोका येऊ लागला आणि ऑईल प्रेशर उतरलं.

दुसऱ्या मिस्त्रींनी काढलेला प्रत्येक शेल, म्हणजे बेअरिंगची अर्धी वाटी, सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडला. दोन नंबरच्या कनेक्टिंग रॉडचा वरचा शेल एका कडेला घासला होता, खालचा नेमका विरुद्ध कडेला. "मालक, बेअरिंगचा दोष नाही, रॉड वाकलाय," ते म्हणाले. रॉड तोच ठेवून केलेला पहिला खर्च वाया गेला होता.

म्हणून सांगतो, शेल काढतानाच नंबर, वरचा की खालचा आणि पुढची कड यांची खूण करा. कॅपची अदलाबदल होऊ देऊ नका. रॉडचा वरचा आणि मेन बेअरिंगचा खालचा शेल जास्त झिजणं स्वाभाविक आहे, कारण भार तिथेच येतो. बाकी खुणा मात्र काही सांगत असतात. गोल रेघोट्या किंवा रुतलेले कण म्हणजे ऑईलमध्ये कचरा. फिल्टर आणि एअर क्लीनर तपासा. धातू पसरून काळानिळा पडला असेल तर ऑईल पोचलं नाही. पंप, जाळी आणि क्रँकची भोकं बघा. पोपडे निघाले असतील तर इंजिनावर बेसुमार ताण पडला असावा. दोन्ही शेल एकाच कडेला झिजले असतील तर जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, निमुळतं झालंय. शेलच्या पाठीवर एकच चकचकीत डाग दिसला, तर बसवताना मागे कचरा अडकला होता.

जर्नल मायक्रोमीटरने दोन-तीन ठिकाणी, आडवं-उभं मोजून घ्या. ग्राइंडिंग 0.25 मिमी झालं असेल तर बेअरिंगही त्याच अंडरसाइजचं हवं. जर्नल आणि बेअरिंगमधली फट प्लास्टिगेजने (दाबून चपट्या होणाऱ्या प्लास्टिकच्या बारीक धाग्याने) मोजताना जर्नल कोरडं पुसा, कॅप टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या मापाला आवळा आणि मोजून होईपर्यंत क्रँक फिरवू नका. शेवटी बसवताना मात्र ऑईल लावायला विसरू नका.

जुनी बेअरिंग का गेली, हे मिस्त्रीला विचारा. उत्तर मिळेपर्यंत इंजिन बांधू देऊ नका.