नोर्ग्येलिंगचे शेजारी

मुलांनो, आपल्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगाव आहे. त्याच्याजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी लोकांची वसाहत आहे. हे लोक इथे कसे आले?

१९५९ साली दलाई लामा भारतात आले. त्यांच्यामागून हजारो तिबेटी कुटुंबे हिमालय ओलांडून आली. त्यांतील काही १९७२ मध्ये येथे वसली.

तिबेट उंच व थंड. तेथे जव पिकतो. भाजलेल्या जवाच्या पिठाला त्साम्पा म्हणतात. लोणी व मीठ घातलेल्या चहात ते पीठ कालवून खातात. आपल्याकडे मात्र ऊन कडक आणि शेतात धान! मग या लोकांनी धानाची शेती केली. हिवाळ्यात ते दूरच्या शहरांत जाऊन स्वेटर विकू लागले. पण घरची चव त्यांनी सोडली नाही. वाफवलेल्या करंजीसारखे मोमो आणि शेवयांचा गरम थुक्पा आजही त्यांच्या घरी शिजतो.

इथे जन्मलेल्या मुलांनी तिबेट पाहिलेला नाही. आजीच्या हातच्या घासातूनच तो त्यांना कळतो.

तुमच्या घरातला एखादा जुना पदार्थ कोठून आला? आजीला विचारा आणि पाच वाक्ये लिहा.