ऐकणे

चि. भाच्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

देवाला ओळखणे हा शब्दप्रयोग बायबलमध्ये ज्या अर्थाने येतो, त्याचा देवाविषयीच्या माहितीशी संबंध थोडाच आहे, आणि ही गोष्ट दर शुक्रवारी आपल्या घरी बायबल-अभ्यास घेणाऱ्या चिरंजीवास सांगावी लागावी, याचे वाईट वाटल्यामुळेच हे पत्र लिहिले जात आहे. नगरहून बातमी आली ती अशी, की नव्या घराचा स्लॅब टाकून दोन महिने झाले, तरी गवंड्याची आणि त्याच्या हाताखालच्या दोन बायांची मजुरी चुकती झालेली नाही. बातमी खोटी असेल तर तसे दोन ओळींत कळवावे. खरी असेल तर पुढचे शेवटपर्यंत वाचावे.

हिब्रूतील 'शामा' या क्रियापदाचा अर्थ कानांनी ऐकणे असाही होतो आणि सांगितलेले करणे असाही. ग्रीकमध्ये आज्ञापालनासाठी जो 'हुपाकुओ' शब्द येतो, त्याच्याही पोटात ऐकणेच आहे. मराठी माणसाला यात नवे काही नाही, कारण 'पोरगं ऐकत नाही' असे आई म्हणते तेव्हा ती पोराच्या कानांविषयी बोलत नसते. 'यादा', म्हणजे जाणणे, हे क्रियापदही असेच. आदाम आणि हव्वा यांच्या सहवासासाठी तेच वापरलेले असल्यामुळे त्यात दुरून मिळवलेल्या माहितीपेक्षा सोबत राहून झालेली ओळख अधिक आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात देवाला ओळखल्याची खूण म्हणून त्याच्या आज्ञा पाळणेच सांगितले आहे, हे चिरंजीवास पाठ आहे. पाठ असणे हीच तर काळजी आहे.

यिर्मयाचा २२वा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचावा. यहूदाचा राजा यहोयाकीम, जो इ.स.पूर्व ६०९ मध्ये गादीवर आला, त्याने प्रशस्त माड्यांचा वाडा बांधला, खिडक्या पाडल्या, गंधसरूची तक्तपोशी केली, वर तांबडा रंग दिला, आणि हे सारे मजुरांना मजुरी न देता केले. त्याला संदेष्टा त्याच्या बापाची, योशीयाची, आठवण देतो, की तोही खातपीत होता, पण गरिबाचा न्याय करीत होता. आणि लगेच विचारतो, की मला ओळखणे ते हेच नव्हे काय, असे देव म्हणतो. ओळखीची इतकी रोकडी व्याख्या अन्यत्र क्वचितच सापडेल. पुढे ३६व्या अध्यायात हाच राजा हिवाळी महालात शेगडीपुढे बसून यिर्मयाची गुंडाळी वाचून घेतो, आणि तीन-चार स्तंभ वाचून होताच तेवढा भाग चाकूने कापून निखाऱ्यांत टाकतो. कानांनी त्याने सगळे ऐकले होते. गवंड्याची मजुरी इथे आठवली नाही, तर शुक्रवारच्या अभ्यासाचे काय करायचे?

आज्ञापालन म्हणजे वडीलधाऱ्यांपुढे मान तुकवणे, असा सोयीचा अर्थ मंडळीतील वडीलधारे लावतात, आणि प्रस्तुत पत्रही त्याला अपवाद नसेल. परंतु पंडिता रमाबाईंचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी आपल्या सद्सद्विवेकबुद्धीविरुद्ध चर्चच्या अधिकाऱ्यांची मते मानण्यास नकार दिला आणि तिथल्याच मठातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यावरून पत्रांतून दीर्घ वाद घातला. त्याच रमाबाई १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली व विधवा घेऊन आल्या आणि केडगावला त्यांना आसरा दिला. संपूर्ण बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणणारी ही विदुषी. तिच्याइतके व्याकरण मामा-भाच्यांना मिळूनही येणार नाही, पण त्या मुलींना जेवू घालण्याआधी व्याकरण पुरे व्हावे म्हणून ती थांबली नाही.

रागावून लिहिण्याचा अधिकार या मामाला कितपत आहे, हा प्रश्न उरतोच. १९७२च्या दुष्काळात वडिलांनी मिलो ज्वारीची पिशवी देऊन गावातल्या एका विधवेकडे पिटाळलेला पंधरा वर्षांचा मुलगा, रविवार शाळेच्या पाठांतराची स्पर्धा दुसऱ्या दिवशी असल्यामुळे, पिशवी पडवीत ठेवून स्तोत्र घोकत बसला, आणि बक्षीस घेऊन झाल्यावर संध्याकाळी तिच्या दारी गेला, तेव्हा चूल सारवलेली होती व तिच्यात राख नव्हती. तिने रागाचा शब्द काढला नाही. बस बाळा, म्हणाली, आणि पाणी दिले. मामाच्या कपाटातले ते बक्षिसाचे पुस्तक कधीच का उघडले जात नाही, असे चिरंजीवाने लहानपणी विचारले होते. त्याचे उत्तर इतक्या वर्षांनी हे असे.

बँकेचा हप्ता, आक्काचे औषधपाणी आणि सिमेंटचे भाव यांत पैसा कसा जिरतो, हे न कळण्याइतके इकडे कोणी दूर नाही. चिरंजीव कंजूष नाही. मागायला लाजतो, हा त्याच्या वडिलांचाच स्वभाव. पेन्शनीतले थोडे पैसे पोस्टात पडून आहेत, ते घ्यावेत, आणि मजुरी दिल्यावर उरले तर आक्काला चष्मा करावा. मामीने नाताळासाठी करंज्यांचे सारण आताच भाजून ठेवले आहे, कारण कोणाला नारळ जास्त लागतो ते तिला माहीत आहे. गवंड्याच्या दारी एकट्याने जाणे अवघड वाटत असेल तर तसे कळवावे. सकाळच्या पहिल्या एसटीने मामा येईल. गुडघा आता बरा आहे.